बाई, नाक मोडलं तर?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी आमच्या गावातल्या शाळेत अर्धवेळ शिकवते. माझे तास संपवून, छत्री शोधून, घरी पळायच्या घाईत होते, एवढ्यात नववीतल्या एका मुलीची आई व्हरांड्यात येऊन उभी राहिली. मागं ती मुलगीही होती, मान खाली घालून. आईच्या हातात चार घड्या घातलेला एक कागद होता. जिल्ह्याच्या शालेय बॉक्सिंग स्पर्धेसाठी मुलीची निवड झाली होती आणि त्या संमतिपत्रावर पालकांची सही हवी होती.

"बाई, तुम्हीच समजवा हिला," आई म्हणाली. "मुलीची जात. उद्या नाक मोडलं तर पुढं लग्नाचं काय?"

आणि मी काय बोलावं? मी चक्क मान डोलावली. म्हटलं, "खरंय तुमचं. खेळायचंच असेल तर खो-खो आहे, बॅडमिंटन आहे. हे मारामारीचं कशाला?"

मुलगी काही वाद घालत बसली नाही. तिनं फक्त मान वर करून विचारलं, "बाई, तुम्ही कधी बॉक्सिंग पाहिलंय?"

पाहिलं नव्हतं. मेरी कोमचं नाव मला ठाऊक होतं, तिच्यावरचा सिनेमाही टीव्हीवर अर्धामुर्धा पाहिला होता, पण खरीखुरी लढत एकही नाही. जी वस्तू कधी चाखली नाही ती खारट आहे असं सांगून मी मोकळी झाले होते! घरी येऊन कणीक भिजवताना तो प्रश्न काही पाठ सोडीना. रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइल घेऊन बसले आणि पुढचे चार-पाच दिवस तोच उद्योग केला. मैत्रिणींनो, त्या चार-पाच दिवसांत जे कळलं ते तुम्हांला सांगावंसं वाटतं.

खाशाबांच्या नावाच्या सभागृहात

मी पहिल्यांदा पाहिली ती २०१८ सालच्या जागतिक महिला बॉक्सिंग स्पर्धेतली अंतिम लढत. ही स्पर्धा दिल्लीला भरली होती. जिथं भरली त्या सभागृहाचं नाव वाचून मला गंमत वाटली. के. डी. जाधव सभागृह! म्हणजे आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक देणारे. त्यांच्या नावाच्या सभागृहात बायका लढत होत्या आणि माणसं उभी राहून ओरडत होती.

४८ किलो गटाची ती लढत. एका बाजूला मणिपूरची मेरी कोम, पस्तिशीची, तीन मुलग्यांची आई. समोर युक्रेनची हाना ओखोता, अवघी बावीस वर्षांची आणि उंचीनंही जास्त. मला वाटलं होतं, आता दोघी एकमेकींवर तुटून पडणार. तसं काहीच झालं नाही. मेरी सारखी मागं सरकायची, बाजूला व्हायची, समोरचीला पुढं येऊ द्यायची. ती आली की झटकन दोन ठोसे, आणि पुन्हा अंतर. नळावरच्या भांडणासारखं मला वाटलं होतं. निघालं ते बुद्धिबळासारखं. पाचही पंचांनी कौल मेरीच्या बाजूनं दिला. निकाल कळल्यावर ती ढसाढसा रडली. इकडं माझेही डोळे भरून आले, आणि यजमान झोपेतून उठून "काय झालं?" म्हणून विचारायला लागले.

आता थोडं नियमांचं सांगते, कारण नियम कळल्याशिवाय मजा कळत नाही. ही स्पर्धा हौशी खेळाडूंची. हौशी या शब्दानं फसू नका. हौस म्हणून रविवारी खेळणाऱ्या या बायका नव्हेत. धंदेवाईक बॉक्सिंगमध्ये लढती लांबलचक चालतात. इथं तीन फेऱ्या, प्रत्येकी तीन मिनिटांच्या, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. म्हणजे सगळा खेळ अकरा मिनिटांत संपतो. आपला कुकर होईपर्यंत म्हणा ना! कडेला पाच पंच बसतात. जी फेरी जिंकेल तिला दहा गुण, दुसरीला बहुधा नऊ. मुठीच्या पुढच्या भागानं, डोक्याच्या समोरच्या आणि बाजूच्या भागावर किंवा कमरेच्या वर अंगावर लागलेलाच ठोसा धरतात. कमरेखाली किंवा डोक्याच्या मागं मारायची सक्त मनाई. हातमोजा १० औंसांचा, म्हणजे सुमारे २८० ग्रॅमचा. दातांवर गमशील्ड. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही बायकांच्या डोक्यावर गादीचं शिरस्त्राण होतंच.

लढत वजनाप्रमाणं लागते, म्हणून जिच्या तिच्या वजनाचा हिशोब कडक. लढतीच्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहायचं; जास्त भरलं तर घरी जा. २०१८ मध्येच पोलंडमधल्या एका स्पर्धेला मेरी पहाटे पोचली तेव्हा तिचं वजन दोन किलो जास्त होतं आणि काटा चार तासांवर. तिनं तासभर दोरीवरच्या उड्या मारल्या, वजन उतरवलं आणि त्या स्पर्धेत सोनं जिंकलं. (हे वाचून कुणी घरी करू नये. ती वर्षानुवर्षं तयार झालेली बाई होती. वाढत्या वयाच्या मुलीला उपाशी ठेवून वजन उतरवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.)

दार उघडायला किती वर्षं!

एक गोष्ट वाचून मी थक्क झाले. आपण समजतो, आपल्याकडचीच माणसं जुन्या विचारांची. पण ज्या इंग्लंडमध्ये हा खेळ वाढला, तिथल्या हौशी बॉक्सिंग संघटनेनं बायकांवरची बंदी उठवली ती थेट १९९६ साली! तोवर पुरुषांच्या पिढ्यान् पिढ्या खेळून गेल्या. बायका नाजूक, त्यांच्या अंगाला झेपणार नाही, अशीच कारणं दिली जात. एखादी बाई डोक्यावर दोन हंडे नि कडेवर मूल घेऊन जिना चढते तेव्हा हे अंगाला झेपण्याचं कुणाला आठवत नाही, ही गोष्ट वेगळी.

पहिली जागतिक महिला स्पर्धा झाली ती २००१ मध्ये, अमेरिकेतल्या स्क्रँटन गावी. त्यात मेरी कोमला रौप्यपदक मिळालं. पुढच्याच वर्षी तुर्कस्तानात अंताल्या इथं सुवर्ण. २००६ मध्ये स्पर्धा दिल्लीला आली आणि भारताच्या मुलींनी चार सुवर्णपदकं घेतली: मणिपूरच्या मेरी कोम आणि सरिता देवी, मिझोरमची जेनी आणि केरळची लेखा. त्याच स्पर्धेत आयर्लंडच्या केटी टेलरनं आपलं पहिलं जागतिक सुवर्ण मिळवलं. ते धरून तिनं ओळीनं पाच जिंकली.

एवढं होऊनही ऑलिंपिकचं दार बंदच होतं. ते उघडलं २०१२ मध्ये, लंडनला, आणि तेही बायकांसाठी तीनच वजनगट ठेवून. सगळ्यांत खालचा गट ५१ किलोचा. मेरी जागतिक स्पर्धांमध्ये ४६ आणि ४८ किलोत लढलेली. तिला आपल्याहून थोराड मुलींशी लढावं लागलं. तरी तिनं ब्राँझ आणलं. तिला उपांत्य लढतीत हरवणारी इंग्लंडची निकोला ॲडम्स त्या गटातलं सोनं घेऊन गेली आणि ऑलिंपिकच्या इतिहासातली पहिली महिला बॉक्सिंग विजेती ठरली.

लग्नाआधी एक, लग्नानंतर पाच

आता त्या आईच्या प्रश्नाकडं येते. लग्नाचं काय?

मी एका जुन्या वहीत मेरीच्या पदकांची यादी केली आणि शेजारी तिच्या संसाराच्या तारखा लिहिल्या. जागतिक स्पर्धेतली तिची सहा सुवर्णपदकं: २००२, २००५, २००६, २००८, २०१० आणि २०१८. तिचं लग्न झालं मार्च २००५ मध्ये. म्हणजे पाहा, लग्नाआधी एक आणि लग्नानंतर पाच! २००७ मध्ये तिला जुळे मुलगे झाले, तेही शस्त्रक्रियेनं. त्यानंतर चीनमध्ये निंगबो इथं २००८ ची स्पर्धा झाली तेव्हा ती बाळं जेमतेम सव्वा वर्षाची होती. तिथंही सुवर्ण. ज्यांचं बाळंतपण असं झालं आहे त्यांना हे किती अवघड ते सांगायला नको. मला तर सव्वा वर्षानंतरही पाण्याची बादली उचलताना पोट धरावंसं वाटायचं.

हे तिला एकटीला जमलं का? नाही. त्या वर्षांत ती सरावाला, शिबिराला, परदेशात असे, तेव्हा मुलांचं खाणंपिणं, दुखणंखुपणं तिच्या नवऱ्यानं पाहिलं. पुढं त्या दोघांचं पटलं नाही. २०२३ च्या डिसेंबरात ते विभक्त झाले, असं तिनंच २०२५ मध्ये जाहीर केलं. ते वाचून मला वाईट वाटलं. काही जणी म्हणतील, "बघा, शेवटी झालंच ना!" पण मैत्रिणींनो, कधीही घराबाहेर न पडलेल्या बायकांचे संसार मोडलेले आपण आपल्याच गल्लीत पाहिलेत. त्याचं खापर आपण ठोशांवर फोडत नाही. त्या घराची आतली बाजू आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा त्यावर बोलू नये. पण नवऱ्यानं मुलं सांभाळली तेव्हा बायकोनं पदकं आणली, एवढं मात्र खरं.

आई-वडिलांचंही तसंच. मेरीनं बॉक्सिंग सुरू केलं ते वडिलांच्या चोरून. वर्तमानपत्रात फोटो छापून आला तेव्हा त्यांना कळलं. ते रागावलेच. त्यांनाही हीच काळजी होती, चेहऱ्याला इजा झाली तर मुलीचं लग्न कसं होणार. तेलंगणातल्या निझामाबादची निखत झरीन (नांदेडकरांना हे गाव शेजारचंच) पहिल्यांदा मार खाऊन घरी आली तेव्हा तिची आई रडली आणि म्हणाली, हिच्याशी लग्न कोण करणार? हे निखतनंच मुलाखतींत सांगितलं आहे. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून त्या आईनं जे विचारलं, तेच! पण निखतचे वडील तिच्या पाठीशी उभे राहिले, नातेवाइकांचं बोलणं त्यांनी झेललं. २०२२ मध्ये इस्तंबूलला निखत जगज्जेती झाली आणि २०२३ मध्ये दिल्लीला, त्याच खाशाबांच्या सभागृहात, पुन्हा एकदा.

२००६ प्रमाणं २०२३ मध्येही भारताला चार सुवर्णं मिळाली: निखत, आसामची लवलिना बोरगोहाईं, हरियाणाच्या नीतू घंघास आणि स्वीटी बूरा. प्रत्येकीला एक लाख डॉलरचं बक्षीस होतं. नीतूच्या वडिलांनी मुलीच्या सरावासाठी नोकरीवर बिनपगारी रजा घेतली होती. बिनपगारी रजा म्हणजे घरातल्या बाईच्या डोळ्यांपुढं काय येतं ते मी सांगायला नको! वाण्याचं बिल, दुधाचं बिल, शाळेची फी. २०२५ च्या सप्टेंबरात लिव्हरपूलला झालेल्या जागतिक स्पर्धेत ४८ किलोत सोनं जिंकणारी मीनाक्षी हुडा ही रिक्षाचालकाची मुलगी. तिच्याबरोबर सुवर्ण मिळवणारी जास्मिन लांबोरिया मात्र बॉक्सिंगच्या घराण्यातली.

आणि आपल्याकडं कुणी नाही असं समजू नका. २०२१ मध्ये पोलंडला युवकांच्या जागतिक स्पर्धेत भारताच्या मुलींनी सात सुवर्णपदकं मिळवली. त्यांतलं एक नागपूरच्या अल्फिया पठाणचं. २०२२ मध्ये स्पेनला पुण्याच्या देविका घोरपडेनं ५२ किलो गटात तेच केलं. म्हणजे ही गोष्ट मणिपूर-हरियाणाची उरलेली नाही. आपल्या दारात आली आहे.

मग धोका नाहीच का?

आहे. उगाच गोड बोलून मी तुम्हांला फसवणार नाही. डोक्यावर ठोसा लागतो, आणि शिरस्त्राणानं कातडी फुटायचं वाचलं तरी मेंदूला बसणारा हादरा पूर्ण थांबत नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी मुद्दाम जाऊन विचारलं. त्यांनी सांगितलेल्या चार गोष्टी इथं देते. ज्यांच्या मुली-मुलांनी हा खेळ धरला आहे त्यांनी कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवाव्यात.

मार लागल्यावर डोकं दुखणं, उलटी, चक्कर, अंधारी, नेहमीपेक्षा जास्त झोप किंवा बोलण्यात गोंधळ, यांपैकी काहीही दिसलं तर त्या दिवशी खेळ बंद आणि लगेच डॉक्टर. "दुखत नाही" असं मूल म्हणालं तरी ऐकायचं नाही; खेळायच्या नादात मुलं खोटं बोलतात. डॉक्टरांनी होकार देईपर्यंत पुन्हा रिंगणात पाठवायचं नाही.

गमशील्ड दुसऱ्याचं वापरायचं नाही, आणि बोटांवर-मनगटावर कापडी पट्टी बांधल्याशिवाय मोजे चढवायचे नाहीत. आपल्याच वजनाच्या आणि साधारण वयाच्या मुलीशी सराव होतो आहे ना, हे आईबापांनी स्वतः जाऊन पाहायचं.

पोटभर जेवण: भाकरी, डाळ-उसळ, दूध, शेंगदाणे, परवडत असेल आणि चालत असेल तर अंडी. पाळी सुरू झालेल्या मुलीचं रक्त एकदा तपासून घ्यावं.

मोठ्या बायकांच्या स्पर्धेत तर प्रत्येकीकडून आपण गरोदर नाही असं लेखी निवेदन घेतात आणि लढतीआधी वैद्यकीय तपासणी होते. डोळे झाकून चाललेला हा खेळ नव्हे.

संमतिपत्र

एवढं सगळं झाल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेले. आधी माझी चूक कबूल केली. म्हटलं, "ताई, त्या दिवशी न पाहता बोलले मी. सही करा असं आजही म्हणत नाही. एकदा माझ्याबरोबर मैदानावर चला, बघा, मग ठरवा."

आम्ही दोघी संध्याकाळी गेलो आणि कठड्यावर बसलो. तासभर दोरीवरच्या उड्या, पाय पुढं-मागं करणं, बस्स. मोजे घालून मारामारी अशी दिसेचना. शेवटी त्यांच्या सरांनी मुलींच्या जोड्या लावल्या. सर सारखे एकच ओरडत होते, "हात वर! तोंड झाक! हात वर!"

आईनं मला हळूच विचारलं, "बाई, मारायला कधी शिकवणार?"

मी जाऊन सरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, "आधी तोंड सांभाळायला शिकवतो. ते येईपर्यंत समोरच्याला मारायला सोडत नाही."

आई बराच वेळ गप्प बसली. जिच्या नाकाच्या काळजीनं तिला झोप नव्हती, त्या मुलीला इथं महिनाभर फक्त नाक सांभाळायला शिकवलं जात होतं. तिनं कमरेची पिशवी काढली, त्यातून तो चार घड्यांचा कागद काढला आणि माझ्याकडं पेन मागितलं. कागद पिशवीत होता, म्हणजे मन आधीच निम्मं झालं होतं म्हणायचं!

जिल्ह्याला मुलगी पहिली लढत जिंकली, दुसरी हरली. नाक शाबूत आहे. डोळ्याखाली थोडं काळंनिळं झालं होतं ते आठवड्यात गेलं. मला वाटलं, आता आई म्हणणार, "झालं ना समाधान? आता बसा घरी."

परवा बाजारात भाजी घेताना भेटली. मी बिचकतच विचारलं, "कशी आहे लेक?"

मेथीची जुडी उलटीपालटी करत ती म्हणाली, "बरी आहे. पण बाई, दमली की डावा हात खाली येतो हो तिचा. तिथंच मार खाल्ला तिनं. आता रोज संध्याकाळी अंगणात मीच उभी राहते आणि ओरडते, हात वर!"